गाद्या शेवटी बघा: वापरलेल्या दोन पॉन्टूनमधून एक निवडताना

मिशिगनमधली तळी बर्फातून मोकळी झाली की एप्रिल-मे महिन्यांत वापरलेल्या पॉन्टून बोटींच्या जाहिरातींना ऊत येतो. डेट्रॉइटच्या नोव्हाय, ट्रॉय, कँटन या उपनगरांतली आपली बरीच मराठी कुटुंबं याच सुमारास पहिल्यांदा बोटीचा विचार करू लागतात. त्याला एक घरगुती कारणही असतं. उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा येणार असतात, आणि त्यांना रोज मॉलमध्ये फिरवून सगळेच कंटाळलेले असतात. पॉन्टून त्यांच्यासाठी खरोखर सोयीची. डॉकच्या पातळीवरच जवळजवळ तिची फळी असते, दार उघडायचं आणि खोलीत शिरावं तसं आत जायचं. गुडघे दुखणाऱ्या आजींना खाली उडी मारावी लागत नाही की कोणाचा हात धरून तोल सावरावा लागत नाही.

रचना साधी आहे. ॲल्युमिनियमच्या दोन किंवा तीन लांब हवाबंद ट्यूब, त्यांच्यावर आडव्या तुळया, तुळयांवर प्लायवुडची सपाट जमीन, भोवती कठडा, आत सोफे आणि मागे बाहेरून टांगलेली, म्हणजे आउटबोर्ड मोटर. मिनेसोटातल्या रिचमंड गावच्या अँब्रोज वीरेस नावाच्या शेतकऱ्याने १९५१-५२ च्या सुमारास पोलादी पिंपं एकमेकांना जोडून त्यावर लाकडी फलाट ठोकला, तिथून हा प्रकार वाढला. आज यातल्या बऱ्याच बोटी इंडियानातल्या एल्कहार्ट भागात आणि मिशिगनमध्ये बनतात, त्यामुळे आपल्याकडे वापरलेल्या बोटींना तोटा नाही. तोटा असतो तो बघणाऱ्याच्या नजरेला. घरातले सगळे आधी सोफे बघतात, मग स्पीकर, मग कप ठेवायच्या खोबणी. पैसे मात्र मोटरीत, ट्यूबमध्ये आणि जमिनीखालच्या प्लायवुडमध्ये असतात. म्हणून बोट खालून वर बघत जायची. गाद्यांवर बसून बघायचं ते सगळ्यात शेवटी.

सोयीसाठी दोन बोटी डोळ्यांसमोर ठेवू. समजा पहिली २००८ सालची, २० फुटी, २३ इंच व्यासाच्या दोन ट्यूब, ५० एचपीची फोर-स्ट्रोक मोटर, गेल्या वर्षी टाकलेलं नवं कार्पेट, नवे सोफे. ट्रेलरसकट ९,५०० डॉलर. दुसरी २०१४ सालची, २२ फुटी, २५ इंची दोन ट्यूब, ९० एचपी, सोफ्यांचा रंग उडालेला, शिवणींत काळी बुरशी. ट्रेलरसकट १६,५०० डॉलर. पहिलीला आपण ‘धाकटी’ म्हणू, दुसरीला ‘थोरली’.

बोट बघायला निघण्याआधी घरात ठरवायचं

बोट कुठल्या पाण्यावर जाणार, हा पहिला प्रश्न. केन्सिंग्टन पार्कमधल्या केन्ट लेकवर ताशी १० मैलांची वेगमर्यादा आहे. तिथेच शनिवारची संध्याकाळ घालवायची असेल तर ९० एचपीसाठी मोजलेले पैसे नुसते मागे लटकत राहतील. कॅस लेक ही ओकलंड काउंटीतली सगळ्यात मोठी, सुमारे १,२८० एकरांची. तिथे शनिवार-रविवारी वेगवान बोटींच्या लाटा सतत येत असतात, आणि जाड ट्यूबची, जरा जोरदार बोट तिथे सुखाची वाटते. लेक सेंट क्लेअर ही तिसरीच गोष्ट. सुमारे ४३० चौरस मैलांचं उथळ पाणी. वारा सुटला की आखूड, उभ्या लाटा एकापाठोपाठ एक येतात. दोन ट्यूबच्या पॉन्टूनमध्ये घरातली म्हातारी माणसं आणि मुलं घेऊन वाऱ्याच्या दिवशी तिथे जाऊच नये, बोट धाकटी असो की थोरली. तिथेच नेहमी जायचं असेल तर तीन ट्यूबच्या, म्हणजे ट्रायटूनच्या बाजारात उतरा. या दोन्ही बोटी तुमच्या कामाच्या नाहीत.

दुसरा प्रश्न माणसांचा. जाहिरातीत ‘१० माणसांची बोट’ लिहिलेलं असतं. सुकाणूजवळच्या क्षमतेच्या पट्टीवर माणसांच्या आकड्याशेजारी पौंडांतलं वजनही दिलेलं असतं, ते वाचा. ही पट्टी लावण्याची संघराज्याची सक्ती २० फुटांखालच्या एकसंध तळाच्या बोटींना आहे, पॉन्टूनना नाही. तरी चांगले उत्पादक ती लावतात. पट्टी खरवडून काढलेली दिसली तर का काढली ते विचारा. शिवाय दहा माणसांच्या बोटीत दहा माणसं, दोन कूलर, बटाटेवड्यांचा डबा, चहाचे थर्मास आणि टॉवेलांच्या पिशव्या घेतल्या की पाय ठेवायला जागा उरत नाही. आपलं गणित असं: पट्टीवरच्या आकड्यातून तीन वजा करा, उरतील तेवढी माणसं मजेत बसतात. नेहमीचे सहा-सात जण असतील तर २० फुटी पुरते. दोन कुटुंबं मिळून जाणार असाल तर २२ फूट हवेत.

तिसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात: ओढणार कशाने? मिनिव्हॅनची ओढण्याची कमाल क्षमता साधारण ३,५०० पौंड. टोयोटाच्या व्ही-सिक्स हायलँडरची ५,००० पौंड, पण तिच्याच हायब्रिड आवृत्तीची ३,५००. थोरलीचं ढोबळ वजन मांडून बघू. बोट २,१०० पौंड, मोटर ३६०, ट्रेलर १,०००, टाकीतलं पेट्रोल १५० (एक गॅलन साधारण सहा पौंडांचा), जॅकेटं, नांगर, कूलर मिळून १५०. झाले ३,७६० पौंड. म्हणजे मिनिव्हॅन बाद. धाकटी याच हिशेबाने तीन हजारांच्या आसपास येते. मिनिव्हॅनने जमतं, पण शेजारी-पाजारी आणि सामान गाडीत भरून नाही. पॉन्टून रुंद आणि उंच असते, वाऱ्याला अडते, त्यामुळे कागदावरच्या वजनापेक्षा ती ओढताना जड वाटते. गाडीच्या पुस्तिकेतला आकडा वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आणि ती ठेवणार कुठे? आपण राहतो त्या बऱ्याच वसाहतींत ड्राइव्हवेमध्ये ट्रेलर उभा करायला एचओए, म्हणजे घरमालकांची संघटना, परवानगी देत नाही. मग हंगामभर मरीनामध्ये जागा भाड्याने घ्यायची आणि हिवाळ्यात गोदामात ठेवायची, हा खर्च दरवर्षीचा. ज्यांची बोट उन्हाळाभर पाण्यातच राहणार त्यांना ओढण्याचा प्रश्न वर्षातून दोनदाच येतो. त्या दोन दिवसांसाठी मित्राचा पिकअप मागता येतो.

फोनवरच बरंच कळतं

विक्रेत्याला एचआयएन क्रमांकाचा फोटो मागा. गाडीला जसा व्हीआयएन तसा बोटीला हा बारा अक्षरांचा क्रमांक. पॉन्टूनवर तो मागच्या आडव्या तुळईवर, उजव्या ट्यूबच्या जोडापासून फूटभराच्या आत असतो. ऑगस्ट १९८४ नंतरच्या बोटींत शेवटची चार अक्षरं तारीख सांगतात: पहिलं अक्षर महिना (ए म्हणजे जानेवारी), पुढचा अंक बांधणीच्या वर्षाचा शेवटचा आकडा, आणि शेवटचे दोन अंक मॉडेलचं साल. ‘एफ३१४’ असेल तर बोट जून २०१३ मध्ये बांधलेली, मॉडेल २०१४ चं. जाहिरातीतलं साल आणि हे जुळलं पाहिजे. मोटरीला स्वतःचा वेगळा क्रमांक असतो. बोट २०१४ ची आणि मोटर २००५ ची, असं सर्रास निघतं. किंमत तेव्हा मोटरीच्या वयावर बोलायची.

पुढचे प्रश्न ओळीने विचारा. टायटल, म्हणजे मालकीचा सरकारी कागद, तुमच्याच नावावर आहे का? कर्ज फिटलंय का? मोटर किती तास चालली? शेवटची सर्व्हिस कोणी केली, पावती आहे का? बोट पाण्यात ठेवायचात की ट्रेलरवर? कधी खाऱ्या पाण्यात होती का? फ्लोरिडाहून आणलेली बोट मिशिगनमध्ये स्वस्तात दिसली तर हा शेवटचा प्रश्न दोनदा विचारा. तळ्यातल्या बोटीला खाऱ्या पाण्याचा गंज सहसा माहीत नसतो. आपल्या भागातल्या बोटींचा तो मोठा फायदा आहे.

आणि एक विनंती करून ठेवा: मी येईपर्यंत मोटर चालू करू नका.

खालून वर

जुने कपडे घालून जा, टॉर्च न्या, ट्रेलरखाली आडवे पडा. विक्रेत्याला त्यात वावगं वाटलं तर तीही माहितीच.

ट्यूबच्या नाकाशी, तळाशी लहान पोचे असतीलच. रॅम्पवर, म्हणजे बोट पाण्यात सोडायच्या उतारावर, किंवा वाळूवर लागून ते पडतात आणि बोटीला त्याने काही होत नाही. घडी पडल्यासारखी तीक्ष्ण चुणी मात्र वाईट, आणि ती वेल्डजवळ असेल तर जास्तच. ट्यूब आणि आडव्या तुळया जिथे ब्रॅकेटने जोडलेल्या असतात तिथे, आणि मागे मोटर ज्या पेटीवर टांगलेली असते तिच्या कोपऱ्यांत, केसासारखी भेग दिसते का ते टॉर्च तिरपा धरून बघा. कुठे पुन्हा वेल्ड केलेलं, वर रंग फासलेलं दिसलं तर कारण विचारा. पांढरी भुकटी आणि खड्डे म्हणजे गंज. पाण्याच्या रेषेवरचा तपकिरी थर म्हणजे नुसतं शेवाळ. धुऊन निघतो, त्यावरून किंमत पाडून मागायला हरकत नाही.

ट्यूबमध्ये पाणी शिरलंय का, ही खरी परीक्षा. मुठीने ठोकत पुढून मागे जा. आवाज एकदम बद्द झाला तर तिथे थांबा. काही ट्यूबना पाणी काढायचा बूच असतो, तो उघडायला सांगा. बोट पाण्यात असेल तर मागून लांबून बघा: दोन्ही ट्यूब सारख्याच बुडाल्यात का? रॅम्पवरून वर काढल्यावर एखाद्या शिवणीतून पाणी झिरपत राहिलं तर तीच शिवण फुटलेली. चांगल्या ट्यूब आतून कप्पेबंद असतात, त्यामुळे एका कप्प्यात पाणी आलं म्हणून बोट बुडत नाही, पण दुरुस्तीला ट्यूब सोडवावी लागू शकते.

आता जमीन. इथे धाकटीवर माझा पहिल्यापासून संशय आहे. इतक्या जुन्या बोटीवर कोणी हौसेने नवं कार्पेट टाकतं, आणि कोणी खालचं कुजलेलं प्लायवुड झाकायलाही टाकतं. वरून दोन्ही सारखीच दिसतात. टाचेवर सगळं वजन देऊन चाला: दारांच्या उंबऱ्याशी, कठड्याच्या खांबांच्या मुळाशी, सुकाणूच्या खाली, मागच्या कोपऱ्यांत. पाणी साचतं ते इथेच. जमीन किंचित दबली तरी लक्षात येतं. मग खाली जाऊन त्याच जागा बोटाने, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने तपासा. काळे डाग, सुटलेले थर, गंजलेले बोल्ट दिसले की समजा जमीन बदलायची वेळ आली. मूळ फळी काढून कोणी दुकानातलं साधं, दाबप्रक्रिया केलेलं लाकूड टाकलेलं असेल तर त्यातलं तांबं ओलाव्यात ॲल्युमिनियम खातं. लाकूड आणि तुळई यांच्या मधली जागा त्यासाठी बघायची. थोरलीखाली ॲल्युमिनियमचा पत्रा लावलेला असेल तर प्लायवुड दिसणार नाही. तेव्हा सगळा भरवसा टाचेवर. सगळे सोफे, कठडे, सुकाणू उचलून नवी जमीन टाकणं हे हजारो डॉलरांचं काम आहे. ते निघालं तर धाकटीची ९,५०० किंमत थोरलीच्या जवळ कधी पोचली ते कळणारही नाही.

मोटरीपाशी घाई नको

हात ठेवा. गार आहे ना? मग चालू करायला सांगा. गरम असेल तर विक्रेत्याने ती आधी चालवून ठेवली आहे, आणि थंडीत पहिल्या झटक्यात ती सुरू होते का हे तुम्हाला कळणार नाही. ड्राइव्हवेमध्ये चालवायची असेल तर पाण्याचा पाइप आणि ‘मफ्स’ (मोटर पाणी ओढते त्या भोकांवर बसणाऱ्या रबरी टोप्या) लावूनच. कोरडी चालवली तर आतल्या पाण्याच्या पंपाचा रबरी पंखा काही सेकंदांत जळतो. चालू झाल्यावर बाजूने पाण्याची बारीक, जोरदार धार सतत आली पाहिजे. ती धार म्हणजे मोटर गार राहत असल्याची खूण.

मग खालच्या गिअरपेटीचा स्क्रू सैल करून दोन थेंब तेल बघा. गडद चालेल, पण दुधाळ तेल म्हणजे आत पाणी शिरलंय. धातूचे कण चमकले तर आणखी वाईट. बोट ढकलणाऱ्या बाहेरच्या पंख्याचा, म्हणजे प्रोपेलरचा, दांडा हाताने फिरवून बघा, लचकत असेल तर कधीतरी जोरात काहीतरी लागलेलं आहे. मोटर वर-खाली करणारी ट्रिमची यंत्रणा पूर्ण वर नेऊन दहा मिनिटं तशीच सोडा. हळूहळू खाली बसली तर तेलगळती आहे.

कॉम्प्रेशनची, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबाची, तपासणी मेकॅनिककडून करून घ्या. नुसता आकडा मोठा असून उपयोग नाही, सगळे सिलिंडर एकमेकांच्या साधारण दहा टक्क्यांच्या आत हवेत. नवीन मोटरींचा संगणक कोणत्या वेगाला किती तास चालली ते सांगतो. मर्क्युरी, यामाहाचे डीलर ते वाचून देतात. तासांना घाबरू नका. नियमित सर्व्हिस झालेली सहाशे तासांची फोर-स्ट्रोक मला आवडते. दहा वर्षांत सत्तर तास चाललेली, जुनं पेट्रोल पोटात घेऊन गोठ्यात उभी असलेली नाही. एव्हिनरूड ब्रँडची मोटर दिसली तर थांबून विचार करा: तिच्या बीआरपी कंपनीने २०२० मध्ये त्या आउटबोर्ड बनवणं बंद केलं. मोटरी वाईट नाहीत, पण नवखा माणूस आणि बंद पडलेला ब्रँड ही जोडी मला पसंत नाही.

ताकदीचंही बोलू. दोन ट्यूबच्या २० फुटी बोटीला ५० एचपी म्हणजे चार-पाच माणसं घेऊन निवांत फेरफटका. पूर्ण भरलेली असेल तर ती कूर्मगतीने जाईल, आणि मुलांना फुगवलेल्या ट्यूबवर बसवून ओढायचं असेल तर मुलं दुसऱ्याच दिवशी तक्रार करतील. त्यासाठी ९० हवेत. मुलं पाच-सहा वर्षांची असतील तर ५० पुरेल असं वाटतं. ती दहाची व्हायला वेळ लागत नाही. पुढे मोठी मोटर बसवू, असा विचार करत असाल तर आधी उत्पादकाने दिलेली कमाल एचपी वाचा, आणि नव्या मोटरीची किंमत ऐकून घ्या. बहुधा तिथेच तो विचार संपतो.

ट्रेलर, गाद्या, बाकीचं

ट्रेलर दोन तऱ्हांचे. एकात बोट लांब, गालिचा लावलेल्या फळ्यांवर टेकते, त्याला बंक म्हणतात. दुसरा कात्रीसारखा खालून वर उचलणारा, अरुंद. घरापासून तळ्यापर्यंत चालतो, पण हायवेवर वाऱ्यात डुलतो. बंकचा असेल तर त्यासाठी थोडे जास्त द्या. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार अंक वाचा: ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही कोरी असली तरी सहा-सात वर्षांचे टायर बदलायचे, हा खर्च मनात धरा. चाक उचलून हाताने फिरवा, खरखरलं तर बेअरिंग गेलं. दिवे लागतात का ते बघा.

आता बसा सोफ्यांवर. थोरलीच्या गाद्यांवरची बुरशी वरवरची असेल तर साबण, ब्रश आणि एक दुपार. शिवण उसवून स्पंजात पाणी भरलेलं असेल तर त्या बदलाव्या लागतील. पूर्ण संच काही हजारांना जातो, पण एकेक करूनही बदलता येतो. गाद्या उचलून खालचे कप्पे बघा. प्लास्टिकचे साचेबंद असतील तर उत्तम, प्लायवुडचे असतील तर तळ कुजलाय का ते बघा. तिथेच उंदरांचं घरटंही सापडतं. हिवाळ्यात गोदामातल्या बोटी उंदरांना फार प्रिय. घरटं काढता येतं, कुरतडलेल्या वायरी शोधत बसावं लागतं, म्हणून सुकाणूच्या मागचं दार उघडून वायरींवरही टॉर्च मारा.

सावलीचं छत, म्हणजे बिमिनी, फाटकं नको. जुलैच्या दुपारी आजोबा त्याखालून हलत नाहीत. पूर्ण बोट झाकणारं चांगलं ताडपत्रीसारखं कव्हर नव्याने घ्यायला हजार डॉलरच्या आसपास लागतात, ते बरोबर मिळत असेल तर हिशेबात धरा. आणि आपल्या पाहुण्यांसाठी एक गोष्ट मी नेहमी बघतो: कोपऱ्यात पडदा उभा करून छोटं सुटं टॉयलेट ठेवायची सोय. मधुमेह असलेल्या वडिलांना तळ्याच्या मधोमध दोन तास बसवायचं असेल तर स्पीकरपेक्षा हे महत्त्वाचं. थोरलीत ते असेल आणि धाकटीत नसेल, तर माझा कौल तिथेच अर्धा झुकतो.

पाण्यावर घेतल्याशिवाय पैसे नाहीत

अमेरिकेतल्या कामगार दिनानंतर (लेबर डे), सप्टेंबर-ऑक्टोबरात किमती उतरतात, कारण मालकाला हिवाळ्याच्या गोदामाचं भाडं टाळायचं असतं. तेव्हा घ्यावी, पण पाणी गोठण्याआधी. जानेवारीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली बोट कितीही स्वस्त असली तरी पाण्यावर चालवून बघता येत नाही. घ्यायचीच असेल तर थोडी रक्कम देऊन, वसंतात पाण्यावर चालवून पाहिल्यावर उरलेले, असं लिहून घ्या.

चाचणीला एकटे जाऊ नका. घरची चार-पाच माणसं घ्या, म्हणजे खऱ्या वजनाखाली बोट कशी चालते ते दिसेल. मोकळ्या पाण्यावर पूर्ण वेग द्या आणि मोटरीचा आरपीएम बघा. उत्पादकाने पूर्ण वेगाला दिलेल्या पट्ट्यात, बऱ्याच फोर-स्ट्रोकना ५,००० ते ६,००० च्या दरम्यान, तो पोचला पाहिजे. पोचत नसेल तर पंखा चुकीचा आहे किंवा मोटर थकली आहे. दोन्हीकडे जोरात वळवा. सुकाणू एका बाजूला जड, दुसऱ्या बाजूला हलकं वाटलं तर केबल आखडली आहे. मग वेग एकदम कमी करा. मागून येणारी स्वतःचीच लाट आणि पुढे जमलेली माणसं, यांनी पॉन्टूनचं नाक पाण्यात घुसतं. फोटोसाठी सगळे पुढे धावले की हेच होतं, ते आधीच अनुभवून ठेवलेलं बरं.

तळ्यावर बोटींनी घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरावं असा मिशिगनचा कायदा आहे. देवळातल्या प्रदक्षिणेच्या बरोबर उलट. चाचणीच्या वेळी सवयीने उजवीकडे वळाल, म्हणून सांगितलं. किनारा आणि डॉक यांच्या १०० फुटांच्या आत लाट न उठवता, हळू.

हिशेब

एका कागदावर दोन रकाने करा. विक्रेत्याची किंमत, त्यात लगेच करावी लागणारी दुरुस्ती, टायर-बेअरिंग, कव्हर, मेकॅनिकचे पैसे, ६ टक्के कर, आणि पहिल्या वर्षीचं ठेवण्याचं भाडं मिळवा. थोरलीच्या वरच्या आकड्यात बहुतेक वेळा फारशी भर पडत नाही: गाद्या धुतल्या, टायर बदलले, झालं. धाकटीचं सगळं जमिनीवर ठरतं. जमीन टणक निघाली आणि तुमचं पाणी लहान, गाडी मिनिव्हॅन, माणसं सहा, तर धाकटीच घ्या आणि उरलेल्या पैशांत पाच उन्हाळे पेट्रोल भरा. जमीन दबली तर तिच्याकडे पुन्हा बघूही नका, किंमत कितीही पाडून दिली तरी. आणि मुलं वाढणार, दोन कुटुंबं मिळून जाणार, बोट कॅस लेकसारख्या ठिकाणी उन्हाळाभर पाण्यातच राहणार असेल, तर रंग उडालेली थोरली. वापरलेल्या बोटींच्या बाजारात कुरूप गाद्या आणि निरोगी मोटर ही जोडी सगळ्यात स्वस्त पडते, कारण बाकीचे गिऱ्हाईक फोटो बघूनच पुढे सरकलेले असतात.

भाव करताना मेकॅनिकचा कागद पुढे ठेवा. ‘थोडं कमी करा’ म्हणण्यापेक्षा ‘चार टायर आणि बेअरिंगचे इतके, पाण्याच्या पंपाचे इतके’ असं म्हटलं की माणूस ऐकतो. आपल्याकडच्या भाजीबाजारातली घासाघीस इथे रुचत नाही. दोनदा बोलून तिसऱ्यांदा निघायची तयारी ठेवा.

व्यवहार ठरला की

मिशिगनमध्ये २० फूट आणि त्याहून लांब बोटीला टायटल लागतं, म्हणजे या दोन्हींना. टायटलवर कर्ज देणाऱ्याचं नाव असेल तर कर्जमुक्तीचं पत्र हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. ट्रेलरचे कागद वेगळे असतात, ते मागा. बोटीचा आणि मोटरीचा क्रमांक, तारीख, किंमत आणि दोघांच्या सह्या असलेला विक्रीचा कागद करा. मग १५ दिवसांच्या आत सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयात नोंदणी. ती तिसऱ्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत चालते. बोट घरी आणण्याआधीच विमा घ्या, पाहुण्यांना इजा झाल्यास भरपाई देणारा भाग मोठा ठेवा.

१ जुलै १९९६ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या कोणालाही सहा एचपीवरची मोटरबोट चालवायला मिशिगनमध्ये बोटिंग सुरक्षेचं प्रमाणपत्र लागतं. आपल्यापैकी बहुतेक आईबाप त्याआधीचे, त्यामुळे कायद्याने सुटतात. तरी ऑनलाइन कोर्स करा, दोघांनीही, कारण चालवणारा पाण्यात पडला तर बोट परत आणणारं कोणीतरी हवं. इंजिन बंद करणारी दोरी चालवणाऱ्याने मनगटाला किंवा जॅकेटला अडकवायची. संघराज्याच्या अखत्यारीतल्या पाण्यावर, २६ फुटांपेक्षा लहान बोट वेगात असताना १ एप्रिल २०२१ पासून ते सक्तीचंच आहे.

प्रत्येक माणसामागे मापाचं लाइफ जॅकेट हवं, शिवाय फेकायची गादी किंवा रिंग. मिशिगनमध्ये सहा वर्षांखालच्या मुलाने उघड्या डेकवर ते घातलेलंच हवं. पण आपल्या मोठ्यांपैकी कितीतरी जणांना पोहता येत नाही, त्यामुळे आपल्या बोटीवर वयाची अट नको. आई-बाबांसाठी पातळ, न काचणारी जॅकेटं घ्या, म्हणजे ते काढून ठेवणार नाहीत. अग्निशामकावरची तारीख बघा, एकदाच वापरायचे सिलिंडर बनवल्यापासून १२ वर्षांनी बाद होतात. बोट चालू असताना पुढच्या दाराबाहेर पाय सोडून कोणी बसायचं नाही. तिथून पडलेला माणूस दोन ट्यूबच्या मधून सरळ पंख्याकडे जातो. आणि मागच्या शिडीवर कोणी असेल तेव्हा मोटर बंद, पंख्यामुळेही आणि धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडमुळेही. ओढणी, साडीचा पदर, लांब दुपट्टा शिडीपाशी नको.

पहिली फेरी शनिवारी काढू नका. मंगळवारी संध्याकाळी कॅस लेकवरच्या डॉज नंबर ४ स्टेट पार्कच्या रॅम्पवर पाहुण्यांशिवाय जा, ट्रेलर मागे घेण्याचा सराव करा, बोट उतरवा, वर काढा, पुन्हा उतरवा. निघताना ट्रेलरवरचं शेवाळ-गवत काढून, सगळे बूच उघडून पाणी तिथेच सोडायचं. एका तळ्यातले झेब्रा शिंपले दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून २०१९ पासून मिशिगनमध्ये हा कायदा आहे. बूच काढून गाडीच्या कप-होल्डरमध्ये ठेवलेत, की पुढच्या वेळी बोट पाण्यात सोडण्याआधी ते परत लावायची आठवण राहते.